जपून ठेवलेले बूट

आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत कशाचंही सूचनापत्रक काढायचं झालं की ते मी लिहितो. सेक्रेटरी झाल्यापासून हात असा बसलाय, की भाजीची यादीसुद्धा मी 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' अशी सुरू करतो, अशी सौ.ची तक्रार आहे. त्यामुळे मागच्या पावसाळ्यात बिल्डिंगमधल्या पोरांनी कळसूबाईचा ट्रेक ठरवला आणि निव्वळ सौजन्य म्हणून 'काका, तुम्हीपण चला' असं म्हटलं, तेव्हा मी 'हो' म्हणालो आणि त्याच रात्री सुरक्षिततेच्या सूचनांचं पत्रक ग्रुपवर टाकून दिलं.

पत्रक उत्तम होतं, हे मी आजही म्हणेन. सुती कपडे नकोत, जीन्स तर नकोच. भिजली की जड होते, दिवसभर वाळत नाही आणि वर वाऱ्यात अंग गार पडतं. प्रत्येकाजवळ स्वतःची बॅटरी हवी, मोबाइलचा उजेड म्हणजे बॅटरी नव्हे. ओढ्याला पाणी चढलेलं दिसलं तर फोटोसाठीसुद्धा आत उतरायचं नाही. अत्तर फवारून यायचं नाही, डोंगरात आग्या मोहोळं असतात. अडचण आली तर 112 लावायचा. आणि मुद्दा क्रमांक सहा, ठळक अक्षरांत: 'पायात योग्य प्रतीचे ट्रेकिंगचे बूटच असावेत. चपला, सँडल अथवा ऑफिसचे बूट घालून आलेल्या सभासदास गाडीत घेतले जाणार नाही. हुकूमावरून.'

खाली पोरांनी अंगठे दाखवले. एकाने विचारलं, 'काका, तुमचे बूट?' मी लिहिलं, 'अमेरिकेचे आहेत.'

बाकीचं सामान घ्यायला मी ठाण्याच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे डोंगर नाही एवढंच, बाकी डोंगरावर लागेल ते सगळं होतं. विक्रेता माझ्या मुलीच्या वयाचा. 'सर, एक दिवसाचा ट्रेक असेल तर वीस-पंचवीस लिटरची सॅक पुष्कळ झाली,' असं तो म्हणाला, म्हणून मी साठ लिटरची घेतली. पंचवीस लिटरची सॅक पाठीला लावून आरशात पाहिलं तर मी शिकवणीला निघालेला दिसत होतो. साठ लिटरमध्ये हिमालयातून आलोय असं वाटत होतं. घरी आल्यावर कळलं की मोठ्या सॅकमध्ये रिकामी जागा राहते आणि आमच्या घरात रिकामी जागा राहू देत नाहीत. सौ.नं तीत थालीपीठं, लाडवांचा डबा, लोणच्याची काचेची बाटली, टॉवेल, तो भिजला तर दुसरा टॉवेल आणि 'कुठे बसावं लागलं तर' एक चादर भरली. कमरेला आवळायचा पट्टा होता, पण तो लावल्यावर पोटाची जाहीर मोजणी होत होती, म्हणून मी तो लोंबता ठेवला. सॅकचं ओझं खांद्यावर नाही, कमरेवर घ्यायचं असतं आणि तो पट्टा त्यासाठीच असतो, हे दोन्ही खांद्यांना मलम लावताना समजलं.

जॅकेटचा प्रकार आणखी वेगळा. त्याच्या लेबलवर 3000 मिलिमीटर असं लिहिलं होतं. मुंबईत वर्षाला दोन हजारांहून थोडा जास्त मिलिमीटर पाऊस पडतो, हे मला पेपर वाचून पाठ आहे. म्हणजे हे जॅकेट अख्खा पावसाळा पचवून वर चार महिने उरणार, असा हिशेब मी उभ्या उभ्या केला आणि तो विक्रेत्यालाही ऐकवला. त्याने काउंटरला टेकून शांतपणे सांगितलं, की तो आकडा पडणाऱ्या पावसाचा नसतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही, त्याचा असतो. सॅकचे पट्टे दाबतात तिथे दाब वाढतो, शिवणी आतून चिकटपट्टी लावून बंद केलेल्या आहेत का तेही बघावं लागतं. मी 'तेच म्हणतोय मी' असं म्हणून बिल करायला सांगितलं. बाहेरचं पाणी त्या जॅकेटनं खरोखरच आत येऊ दिलं नाही. आतलंही बाहेर जाऊ दिलं नाही. पहिल्या चढालाच मी आतून असा भिजलो, की पावसात नुसता चाललो असतो तर जॅकेटचे पैसे वाचले असते. काखेत वारा खेळायला चेन दिलेली होती. ती मला घरी, जॅकेट दोरीवर वाळत घालताना सापडली.

'आणि बूट, सर?' निघताना त्याने विचारलं.

'आहेत. अमेरिकेचे. एकदाही घातलेले नाहीत.'

'किती वर्षांपूर्वीचे?'

हा प्रश्न मला आगाऊपणाचा वाटला. तो म्हणाला, 'घरी गेल्यावर सोल जरा अंगठ्यानं दाबून बघा, सर.' नवे बूट खपवायची ही युक्ती मी लगेच ओळखली आणि बाहेर पडलो.

बुटांची हकीकत अशी, की माझा मेहुणा न्यू जर्सीहून आला होता तेव्हा त्याने ते आणले होते. मुलगी तेव्हा सातवीत होती. आता ती रंगाच्या कारखान्यात केमिस्ट आहे. तपकिरी कातडं, घोट्याच्या वरपर्यंत उंच, लाल नाड्या, आत कागदाचे बोळे आणि 'खाऊ नये' असं लिहिलेली ती छोटी पुडी. इतकी चांगली वस्तू रोजच्या वापरात काढायची म्हणजे पाप. ती खोक्यात, खोका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी गाठ मारून माळ्यावर. माळा आमच्याकडे न्हाणीघराच्या वर आहे. दर दिवाळीला मी तो खोका उतरवायचो, बूट पुसायचो, पायात न घालता समाधान मानायचो आणि पुन्हा वर ठेवायचो. घरात निम्मं सामान असं आहे. परदेशी साबण आहेत, ज्यांचा वास गेला. सोन्याच्या काठाचा एक कपबशांचा सेट आहे, ज्याच्या लायकीचा पाहुणा अजून जन्माला यायचाय.

कसाऱ्याला लोकलनं उतरलो, तिथून जीपनं बारीला. अकोले तालुक्यातल्या या गावातूनच कळसूबाईची नेहमीची वाट वर चढते. शिखराची उंची 1646 मीटर, महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त, त्यामुळे पावसाळ्यातल्या रविवारी महाराष्ट्रही तिथे सगळ्यांत जास्त असतो. भातखाचरं पार करून वाट चढाला लागली तोवर माझ्या बुटांवर तीन जणांनी स्तुतिसुमनं उधळली होती. पोरांचे बूट साधे होते. एकाच्या पायात 'ॲक्शन'चे, एकाचे कुठल्याशा रस्त्यावरून घेतलेले, पण घासून घासून त्याच्या पायाचे झालेले. आमच्या ट्रेकची लीडर बी विंगमधली मुलगी. तिने माझे बूट पाहिले आणि 'काका, हे घालून आधी चाललायत ना?' एवढंच विचारलं. मी म्हणालो, 'पहिल्यांदाच काढलेत, खास तुमच्यासाठी.' ती काही बोलली नाही. तरुण मुली काही बोलत नाहीत तेव्हा विचारून घ्यावं, हा शहाणपणा मला बापाच्या भूमिकेत आलेला आहे. सेक्रेटरीच्या भूमिकेत तो आठवत नाही.

कळसूबाईच्या वाटेवर कातळाच्या टप्प्यांना लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. कठडे आहेत, पायऱ्या आहेत. घाबरण्यासारखं काही नाही, असं मी मागच्यांना सांगत चढत होतो. शिडीच्या मध्यावर उजव्या पायाखालची पायरी सरकली. मी कठड्याला घट्ट धरून खाली पाहिलं. पायरी जागेवर होती. सरकला होता माझा सोल. पुढून सुटून तो टाचेला लोंबत होता आणि मी पाय उचलला की त्याचं टोक वरच्या पायरीत अडकत होतं. मी पाय झटकला. सोल टाचेपासूनही सुटला, दोन पायऱ्यांवर आपटला आणि खाली गेला. 'दगड! दगड!' असा ओरडा झाला, माणसं कातळाला चिकटली. मग धुक्यातून एका पोराचा आवाज वर आला, 'काका, तुमचं काहीतरी पडलंय.'

सोल हातोहात वर आला. माणसामाणसागणिक तो पाहिला गेला, त्यावर मतं दिली गेली. माझ्यामुळे शिडीवर वाहतूक थांबली होती आणि थांबलेल्या मराठी माणसाला बोलायला विषय लागतो. 'चायनाचा असणार.' 'नाही हो, अमेरिकेचा आहे म्हणे.' 'मग ट्रंपनं परत मागवला असेल.' शेवटी आमच्यातलाच एक, ज्याला मी गेल्या वर्षी गच्चीत क्रिकेट खेळल्याबद्दल लेखी समज दिली होती, तो अदबीने म्हणाला, 'काका, मुद्दा क्रमांक सहा.'

शिडी संपल्यावर सपाटीला बसून मी सोल बघितला. खालचं रबर अगदी शाबूत, खाचासुद्धा कोऱ्या. रबर आणि वरचं कातडं यांच्या मधे जो मऊ थर असतो, त्याचा शिळ्या ढोकळ्यागत चुरा झालेला. बोट लावलं की पडत होता. मी डावा बूट दाबून पाहिला. अंगठा आत गेला. पाच मिनिटांनी तोही सुटला.

त्याही अवस्थेत मी 'मोज्यांवर वर येतो, लोक अनवाणी चढतात की' असं म्हणालो. 'ज्यांना सवय असते ते चढतात,' लीडर म्हणाली, 'आणि काका, उतरायचंही आहे.' सोल गेलेल्या बुटाचा खालचा भाग गुळगुळीत होता, आणि आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पावसाळ्यात शेवाळ धरतं. त्यावर चांगला बूटही दगा देतो. तिने एका मुलाला माझ्याबरोबर परत धाडलं. कुणालाही एकटं उतरू द्यायचं नाही, हाही माझ्याच पत्रकातला मुद्दा होता. फक्त तो लिहिताना 'कुणालाही'मध्ये मी स्वतःला धरलं नव्हतं. ताडपत्रीच्या दोरीने बूट आवळून, शिडी उलट्या तोंडाने, म्हणजे शिडीकडे तोंड करून, मी उतरलो. वर चढणाऱ्यांनी वाट दिली. काहींनी फोटो काढले.

खालच्या टप्प्यावर निळ्या ताडपत्रीखाली एक बाई चूल पेटवून कणसं भाजत होत्या. पायात प्लास्टिकची साधी चप्पल. लिंबू सरबताचं सगळं सामान त्या रोज पहाटे डोक्यावरून वर आणतात. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

'बाबा, बूट कशानं खाल्लं?'

'कशानंच नाही, मावशी. नवे होते.'

'नवं असंल तर असं कशाला व्हईल?' म्हणाल्या, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मग त्यांनी पोत्याखालून काळे प्लास्टिकचे बूट काढून दिले, भातलावणीला चिखलात घालतात तसले. त्यांच्या मालकांचे. 'गावात कुणाकडंबी द्या, पोचत्यात.' पैसे घेईनात. मी दोन कणसं आणि तीन सरबतं घेऊन भरपाई केली आणि उतरायला लागलो. ते बूट मला एक नंबर लहान होते, पण कातळाला असे धरून चालत होते, की अमेरिकेला लाज वाटावी.

पाय लहान बुटात असला की उतारावर बोटं पुढे आपटत राहतात. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि महिन्याभराने गळून गेली. शिखरावरून भंडारदऱ्याचं पाणी आणि अलंग-मदन-कुलंग दिसतात, असं मी वाचलं होतं. वर गेलेल्या पोरांनाही धुक्यात एकमेकांच्या सॅकच दिसल्या, हे ऐकून मला जो आनंद झाला तो सेक्रेटरीला शोभणारा नव्हता.

डोंबिवलीच्या स्टेशनबाहेरच्या चांभाराने बूट हातात घेऊन परत दिले. 'साहेब, सुई घालायला काहीतरी पाहिजे ना?' खुलासा मुलीने केला. मधला मऊ थर पॉलियुरेथेनच्या फोमचा असतो. हवेतलं बाष्प त्यात शिरतं आणि त्याच्या साखळ्या हळूहळू तोडत जातं. बूट घाला की नका घालू, हे चालूच असतं. ऊब आणि दमट हवा मिळाली की वेग वाढतो. पाच-दहा वर्षांत फोम खलास. त्यात बंद पिशवी, आणि न्हाणीघराची वाफ. 'बाबा, ते घालून रोज दूध आणायला गेला असतात तर जास्त टिकले असते,' ती म्हणाली. कागदाच्या पुडीनं सगळं सांभाळलं असेल, या माझ्या श्रद्धेवर ती हसली. त्या पुडीचा जोर पहिल्याच पावसाळ्यात संपला असणार.

नवे बूट मी त्याच दुकानातून, त्याच मुलाकडून घेतले. त्याने काही विचारलं नाही, ही त्याची माणुसकी. संध्याकाळी गेलो होतो, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. जाड मोजे घालून गेलो. दुकानातल्या लाकडी उतारावर खालच्या दिशेने चार वेळा चाललो आणि बोटं पुढे आपटत नाहीत याची खात्री केली. किंमत अमेरिकन बुटांच्या निम्म्याहून कमी. ते घालून मी दूध आणतो, बँकेत जातो, सोसायटीच्या सभेला बसतो. सौ. म्हणते, लग्नाला तरी काढा.

तर वाचकहो, तुमच्या माळ्यावरही एखादा खोका असणारच. आज उतरवा. सोलच्या मधल्या थरावर अंगठा दाबा, बूट दोन्ही हातांनी वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा हाताला भुगा लागला तर सरळ फेकून द्या. आणि 'नवेच तर आहेत' म्हणून वॉचमनला देऊ नका. त्यालाही टाकीच्या शिडीवर चढायचं असतं.