घोणशीचा एच-इंडेक्स

संशोधकाची उंची मोजायची फूटपट्टी हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढली. तुमच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा जणांनी संदर्भ म्हणून वापरलं, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. सोपं आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत तर बढतीच निबंधांवर. एकेका निबंधावर लग्नपत्रिकेसारखी नावं झळकू लागली, तेव्हा २०१५ मध्ये मेडिकल कौन्सिलला सांगावं लागलं, पहिली दोनच धरू.

इकडे जुन्नर-आंबेगावात शेतीपंपाची वीज कित्येकदा रात्री येते. कांद्याला पाणी द्यायला गेलेल्याचा पाय घोणशीवर पडतो आणि घरचे त्याला नारायणगावला डॉ. सदानंद आणि डॉ. पल्लवी राऊतांकडे पळवतात. रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं स्वस्थ ठेवतात. मग नळी आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे विष भिनलंय, लस सुरू. या तपासणीला ना नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर लागतो, ना सहलेखक.

राऊतांनी निबंधही लिहिलेत, नाही असं नाही. पण वाचलेला माणूस संदर्भ देत नाही ना! तो फार तर द्राक्षांची पेटी आणून ठेवतो, आणि ती अजून कुठल्या डेटाबेसात चढत नाही. सर्पदंशाने देशात वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं जातात, असं सांगणारा २०२० चा निबंध मात्र जगभर उद्धृत होतो. मेलेला मोजता येतो. वाचलेला दुसऱ्या दिवशी खुरपणीला जातो.