घरी जेवायला येणारा परदेशी बातमीदार

दोन महायुद्धांच्या मधला परदेशी बातमीदार म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो हॅटवाला गोरा. वेब मिलर त्यातलाच. मे १९३० मध्ये तो धारासण्याला आला, मिठाच्या सत्याग्रहींवर पडणाऱ्या लाठ्या पाहिल्या आणि अडवलेल्या तारांशी झगडून बातमी अमेरिकेत पोचवली. पण त्याच काळात लातुरात आणि नांदेडात धोतर नेसलेला एक परदेशी बातमीदार वावरत होता. तो बोटीत कधी बसला नाही. गोदावरी पार केली तीही नावाड्याला उधारी सांगून.

त्याचं असं होतं की पुण्याच्या पत्राला हैदराबाद संस्थान परदेशच होतं. आम्ही मोगलाईत, ते इंग्रजी मुलखात. आमचं नाणं हाली, त्यांचं कलदार. सहा कलदार मोजले की सातेक हाली यायचे. तिकिटं वेगळी, सरकारी भाषा उर्दू, हद्दीवर करोडगिरीचा नाका. पंचांगसुद्धा निराळं: पुण्यात डिसेंबर १९३७ चालू असताना कचेरीत बहमन १३४७ फसली. आमच्या माणसानं बातमीवर "५ बहमन" घातलं की संपादक ते खोडून "नुकतेच" करी.

पेशानं तो शाळामास्तर, नाहीतर वकिलाचा कारकून. छापून येई "आमच्या खास बातमीदाराकडून" एवढंच. नाव गुप्त. गंजगोलाईतल्या पानवाल्यापासून मशिदीपुढच्या भिस्त्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेलं गुप्त. पोलिसाचा अमीन तर रस्त्यात गाठून म्हणे, "मास्टरसाब, कबी हमारा बी अच्छा लिखो ना!"

लिहायला विषय काय? १९२९ ची गश्ती निशाण ५३ लागू झाल्यापासून सभा घ्यायची तर आधी परवानगी, आणि परवानगी मागितली की कागद फिरत राही. मग बातमीदार न झालेल्या सभेची बातमी देई. न झालेल्या सभेला गर्दी चांगली होती, वक्ते न बोलता परतले, श्रोते शांतपणे पांगले. मी तर म्हणेन, झालेल्या सभेची बातमी कुणीही देतो.

बातमी लिहिणं सोपं, धाडणं अवघड. इथल्या टपालात टाकली की पाकीट फोडलं जाईल ही धास्ती. म्हणून लातूरचा बातमीदार आडत्याच्या मुनिमाला गाठी. मुनीम बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवरून डुलत बार्शीला जाई. बार्शी इंग्रजी हद्दीत, तिथल्या पेटीत पडलं की पत्र सुटलं. वाटेत नाक्यावरचा जवान पिशवी चाचपे, सुपारी मोजे. रोजकीर्दीत ठेवलेला कागद उलटसुलट करून पाही. पण रोजकीर्दही मोडीत, बातमीही मोडीत, आणि जवानाला मोडीचं अक्षर येत नसे.

नांदेडचा बातमीदार मनमाडला जाणाऱ्या उतारूच्या हाती पत्र देई आणि आपली गाडी मीटरभर रुंद रुळांवरून जाते म्हणून लातूरवाल्याला कमी लेखी.

गंमत पुढं व्हायची. जी मोडी जवानाला कळत नसे, ती पुण्यातल्या नव्या जुळाऱ्यालाही धड कळत नसे. "लातूरच्या अमिनाने लाच खाल्ली" असं इकडून गेलं आणि "लातूरच्या जमिनीने लाच खाल्ली" असं छापून आलं. बातमीदार दोन दिवस घराबाहेर पडला नाही. अमीन मात्र खूष. तालुकदाराचं तर दर वेळी व्हायचं. आमच्याकडं तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा धनी, कलेक्टर. पुण्यात त्याला कुणीतरी तालुक्याचा अंमलदार समजून बातमी आतल्या पानावर, बैलबाजाराच्या खाली.

मेहनताना म्हणजे अंक फुकट. पण बाहेरच्या कित्येक पत्रांना संस्थानात बंदी, त्यामुळं तो फुकटचा अंकही चोरून मागवावा लागे. तो कापडाच्या गठ्ठ्यात दडून येई आणि महिन्यापूर्वीची आपलीच बातमी हा दिवा बारीक करून वाची. बायको म्हणे, "परदेशातली नोकरी बरी की ही! जेवायला घरी येता."

१९३८ मध्ये आ. कृ. वाघमाऱ्यांनी पुण्यातून 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं. निजामानं बंदी घातली की ते नवं नाव घेऊन पुन्हा निघे. आता बातमीदाराला नवीच पंचाईत: या आठवड्यात आपण नेमके कुणाचे बातमीदार?

एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत तो पुण्याला गेला, आपलं पत्र छापतं ते हापिस बघायला. दारातल्या कारकुनानं विचारलं, "कुठून आलात?"

"लातूरहून."

"म्हणजे मोगलाईतून!" कारकून खुर्चीतून अर्धा उठला, पाणी मागवलं, पाच मिनिटं गप्पा मारल्या आणि कौतुकानं म्हणाला, "पण काय हो, तुम्ही मराठी अगदी छान बोलता!"

"शिकायलो की," आपला बातमीदार म्हणाला, "थोडं थोडं."