विरोधी पक्षनेता, इयत्ता चौथी

गावोगावच्या प्राथमिक शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. अर्ज भरतात, चिन्हं वाटतात, प्रचार होतो. मोबाइलवरच्या मतदान यंत्राचं बटण दाबून पोरं बोटावर स्केचपेनची शाई मिरवतात. मग मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री शपथ घेतात. उपक्रम चांगलाच आहे. पण मंत्र्यांच्या यादीशेजारी एक पद मला आजवर कुठल्याच फळ्यावर दिसलं नाही : विरोधी पक्षनेता.

हरलेलं पोर जातं कुठं? मागच्या बाकावर. ‘पडला रे पडला’ ऐकत. राजकारणाचा पहिला धडा इथंच चुकतो. बटण दाबायला पाच मिनिटांत शिकवता येतं. हरलेल्याशी कसं वागायचं, हे शिकवायला वर्ष लागतं आणि त्या वर्षाला आपल्या वेळापत्रकात तासच नाही.

संसदेने हे ओळखलं होतं. १९७७ साली कायदा करून विरोधी पक्षनेत्याला पगार आणि मान दिला. सरकारला जाब विचारणाऱ्याचा पगार सरकारच्याच तिजोरीतून! लोकशाहीची एवढी सुंदर गोष्ट चौथीच्या मुलांना कुणी सांगत नाही.

सांगतो ते भलतंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना बजावलं, की प्रचारात मुलांना वापरू नका. त्याच महिन्यात हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेत एका आमदारांनी मुलांना सांगितलं, की आईवडील मला मत देणार नसतील तर दोन दिवस जेवू नका. पोरांच्या पोटावरून मत मागणं, याला राजकारण म्हणत नाहीत.

आणि घरी? टीव्हीसमोर जेवताना आपण ‘अंधभक्त’, ‘चमचा’, ‘गद्दार’ म्हणतो. पोर घास गिळतं, शब्दही गिळतं. दुसऱ्या दिवशी तेच शब्द शाळेच्या मैदानावर शेजारच्या पोराला लागतात. शाळेला दोष देण्याआधी आपलं ताट बघावं.

माझं मागणं साधं आहे. मत चिठ्ठीवर घ्या, घडी घालून पेटीत टाकू द्या आणि ‘कुणाला दिलंस?’ हे बाईंनीही विचारू नये, आईनेही नाही. मुख्यमंत्रिपदासाठी दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळतील त्याला किंवा तिला विरोधी पक्षनेता करा, शपथ द्या, टाळ्या वाजवा. दर शनिवारी परिपाठानंतर दहा मिनिटं प्रश्नोत्तरं ठेवा. “आरोग्यमंत्री, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी का नाही?” मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं. विचारणारीने ‘खोटारडा’ म्हणायचं नाही, ‘कधीपर्यंत बसेल?’ एवढंच विचारायचं आणि तारीख फळ्यावर लिहून घ्यायची. तास संपला की दोघांनी एकाच रांगेत खिचडीला बसायचं.

१९८९ साली देशाने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं. तरुणांवर विश्वास टाकला. आज चौथीत असलेली पोरगी आठ-नऊ वर्षांत मतदार होईल. रांगेत उभी राहील ती बहुधा याच शाळेत, कारण गावाचं मतदान केंद्र इथंच असतं. त्या दिवशी तिला ती कडी दिसावी. निवडणूक हरूनही आपण बसवून घेतलेली.