खरकट्याची बदली

(एकपात्री प्रयोग)

(रंगमंचावर एक टेबल व एक खुर्ची. टेबलावर लाल फितीने बांधलेली फाइल, स्टीलच्या काही वाट्या, काचेचा एक पेला, आणि फडक्याखाली झाकलेली एक वस्तू. महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्रवेश करतात; चष्मा पुसतात, खुर्ची झटकतात, पण बसत नाहीत.)

रसिकहो, ज्या मनुष्याने आपली उभी हयात कलेक्टर कचेरीत अर्ज, तगादे, पंचनामे आणि कैफियती यांच्या सहवासात घालविली, बांधावरच्या एका बाभळीपायी दोन सख्ख्या भावांनी दिलेल्या परस्परविरुद्ध जबान्या ज्याने एकाच टाकाने आणि एकाच निर्विकार मुद्रेने उतरवून घेतल्या, त्याच्या निवृत्त आयुष्यात चौकशीस योग्य असे एखादे प्रकरण पुन्हा उद्भवावे, हा मी परमेश्वराचा अनुग्रह समजतो. आणि ते प्रकरण जमिनीचे, वारसाचे अथवा अफरातफरीचे नसून, भांडी धुण्याच्या यंत्रातून भांडी घाण निघण्याचे आहे, एवढ्यावरून कृपा करून कोणी त्याचे गांभीर्य कमी लेखू नये.

(फाइलची फीत सोडीत) हकीकत येणेप्रमाणे. २०२० साली टाळेबंदी पुकारली गेली, सोसायटीच्या फाटकावरूनच कामाच्या बायका परतविण्यात आल्या, आणि या आमच्या पुण्यनगरीतील पदवीधर माणसे मोरीपुढे उभी राहून एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. त्या आणीबाणीत आमच्या सूनबाईंनी, ज्या हिंजवडीस मोठ्या हुद्द्यावर आहेत, डिशवॉशर नावाचे यंत्र घरी आणविले. टाळेबंदी उठली, यंत्र राहिले. प्रारंभी त्याची कर्तबगारी अशी की ताटात पाहून मी दाढी करावी. पुढे मात्र वाटीच्या तळाशी आमटीचे वर्तुळ, चमच्याच्या बगलेत पिठल्याचा कण, पेल्यावर पांढरी साय अशी लक्षणे दिसू लागली. आणि एके सकाळी चहाच्या कपात आदल्या रात्रीची मोहरी तरंगताना आढळली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी फिर्याद दाखल केली.

(स्वर बदलून) "अहो, त्या पेपरात डोकं घालून बसण्यापेक्षा जरा त्या मशीनकडे बघा!"

फिर्याद तोंडी होती, परंतु दखलपात्र होती.

आरोपीस उभे करण्यापूर्वी त्याचे कुळ तपासावे, हा आमच्या खात्याचा शिरस्ता. आणि या आरोपीची वंशावळ भल्याभल्या इनामदारांना खाली पाहावयास लावील अशी आहे. अमेरिकेत, इलिनॉय प्रांतात, शेल्बीव्हिल म्हणून एक गाव आहे. तेथे राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रन नामक बाईंचे यजमान १८८३ साली निवर्तले व मागे मुख्यत्वे कर्ज ठेवून गेले. बाईंनी ताटे, बश्या, पेले यांची मापे घेतली, त्या मापांचे तारेचे कप्पे करविले, ते एका चाकावर बसविले, ते चाक तांब्याच्या हंड्यात आडवे टाकले, आणि खालून साबणाच्या गरम पाण्याचा मारा होईल अशी तजवीज करून २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचे पेटंट मिळविले. १८९३ सालच्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रे गाजली. आता याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपण जाणताच. म्हणजे त्या वर्षी त्या एकाच शहरात आत्म्याचा मळ आणि ताटांचा मळ अशा दोन्ही प्रकरणांची सुनावणी लागली होती. पैकी पहिल्याचा निकाल अद्याप राखून ठेवलेला आहे.

(खिशातून चाळिशी काढून नाकावर चढवितो.)

मी यंत्राचे दार उघडले आणि पंचनामा आरंभिला. प्रथमच एक बाब निदर्शनास आली, जी या यंत्राच्या मालकांपैकी फार थोड्यांस विदित असते. आत काथ्या नाही, घासणी नाही, राख नाही, हात नाही. घासणे हा व्यापार हे यंत्र करीतच नाही! ते थोडे थोडे पाणी घेते, ते तापविते, आणि पंपाच्या बळाने, छिद्रे पाडलेल्या दोन फिरत्या पात्यांतून, ज्यांस कंपनीवाले स्प्रे आर्म म्हणतात, ते भांड्यांवर फेकते. खाली पडलेले तेच पाणी जाळीतून गाळून पुन्हा वर फेकते. आणि असे करीत अवघ्या दहा-बारा लिटरांत साऱ्या कुटुंबाच्या जेवणाचा पुरावा नष्ट करते. तात्पर्य, जेथे पाणी पोहोचेल तेथेच न्याय पोहोचेल.

आणि आमच्या घरी पाणी कोठे पोहोचत होते? (वाट्या उचलतो.) भांडी लावण्याचे खाते चिरंजीवांकडे आहे. चिरंजीव अभियंते आहेत. जागेचा अपव्यय त्यांना सहन होत नाही. तेव्हा ही वाटी या वाटीत, ती वाटी त्या वाटीत, (एकात एक बसवितो) आणि हा मनोरा आडवा करून कप्प्यात. मधल्या वाट्यांना पाण्याचे दर्शन नाही. त्या जशा गेल्या तशाच, फक्त गरम होऊन, परत येत. खालच्या कप्प्यातून आमटीची पळी दांड्याने अशी खाली लोंबत होती की स्प्रे आर्म तिच्यावर आपटून थबकावा. मग अर्धा तास पाणी एकाच ताटाची सेवा करी, आणि बाकीची ताटे त्या भाग्यवान ताटाकडे पाहत बसत.

मी चिरंजीवांची जबानी घेतली. (तरुण आवाजात) "बाबा, ऐंशी भांडी बसवली मी एका खेपेत!" त्यावर मी विचारले, "त्यांतील धुतली किती गेली?" साक्षीदाराने उत्तर देण्याचे नाकारले.

नंतर सौभाग्यवतींची जबानी. त्यांचा रिवाज असा की प्रत्येक भांडे आधी नळाखाली साबण लावून स्वच्छ धुवावयाचे आणि मग यंत्रात ठेवावयाचे. मी हेतू विचारला. (स्वर बदलून) "घाणेरडी भांडी कशी ठेवायची त्यात? काय म्हणेल ते मशीन आपल्याला?" रसिकहो, ज्या देशात पाहुणा येण्यापूर्वी घर झाडतात, त्या देशात हे तर्कशास्त्र अभेद्य आहे. परंतु काही यंत्रांत पाण्याचा गढूळपणा जोखणारा एक डोळा असतो. त्यास पाणी नितळ दिसले की "येथे विशेष कसूर नाही" असे समजून ते काम आटोपते घेते, आणि कढईच्या काठावरचा राप तसाच राहतो. शिवाय यंत्राच्या साबणात जी पाचकद्रव्ये असतात, त्यांना डाळीभाताचे खरकटे हवेच असते. खरकटे निपटून टाका, भांडे धुऊ नका, असा नियम आहे. हा नियम मी घरात वाचून दाखविला. तो ऐकला गेला नाही.

तिसरा मुद्दा कार्यक्रमाचा. कढईसाठी सत्तर अंशांचा दीर्घ कार्यक्रम यंत्रात असताना सूनबाई नित्य अर्ध्या तासाचा झटपट कार्यक्रम लावीत, कारण, त्यांच्या शब्दांत, "मीटिंगच्या आत संपायला हवं." आता तळाशी लागलेली खीर आणि मीटिंग यांच्या वेळापत्रकात मेळ कसा बसावा?

चौथ्या मुद्द्यावर मात्र मी कंपनीच्या माणसास पाचारण केले. तो कोवळा पोरगा आला, यंत्राकडे पाहिलेही नाही, आणि मलाच विचारता झाला, (आवाज बारीक करून) "काका, मीठ घातलं होतं का?"

मीठ! १९३० साली या मिठावरून साम्राज्य हादरले, हे मी जाणतो. परंतु यंत्राच्या पोटात मिठाचा स्वतंत्र कप्पा असतो, हे आमच्या घरात कोणास ठाऊक असल्याची नोंद दफ्तरी नाही. त्या मुलाने समजावून दिले ते असे. आमच्या सोसायटीचे पाणी बोअरचे आणि टँकरचे, म्हणजे जड. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम हे क्षार भांड्यांवर पांढरा थर धरतात. यंत्रात राळेच्या बारीक मण्यांची एक कुपी असते; ते मणी या क्षारांना अटकेत ठेवतात. पण कोठडी भरली की पुढचे कैदी कोठे ठेवणार? तेव्हा मिठाचे पाणी येऊन जुन्या कैद्यांना हद्दपार करते आणि मणी पुन्हा कामाला लागतात. मीठ नसेल तर सारे क्षार मोकाट. आणि ते मीठ स्वयंपाकाचे चालत नाही. त्यात गुठळी होऊ नये म्हणून जे मिसळतात, ते त्या मण्यांना बाधते. जाडे, शुद्ध, डिशवॉशरचे म्हणून मिळते तेच हवे. "तुमच्याकडे मिठाचा लाल दिवा लागत नव्हता का?" असे त्याने विचारले. दिवा लागलेला होता. केव्हाचा लागलेला होता. घरातील सर्वांनी तो अंमलदाराच्या मोटारीवरील दिव्याप्रमाणे मानाचा समजून त्यास हात लावला नव्हता.

(पेला उजेडात धरतो.) हा पेला पाहा. यावर व्हिनेगर लावून चोळले, (फडक्याने चोळतो) की साय निघते. सबब हा क्षार. न निघती, तर समजावे की काचच झिजली आहे, आणि त्यावर अपील नाही.

आता शेवटचा मुद्देमाल. (फडके बाजूस सारतो, जाळीचा नळकांड्यासारखा फिल्टर दोन बोटांत, अंगापासून दूर धरून उचलतो.) खालच्या कप्प्याच्या तळाशी ही जाळी असते, डावीकडे फिरविली की हातात येते. आमच्या घरी ती हातात आली, तेव्हा तिने यंत्राच्या आगमनापासूनचा इतिहास जपून ठेवला होता. पंचनाम्यात नोंद अशी: कढीपत्ता, सात पाने, कोकमाची सालपटे, भाताची शिते, असंख्य, दालचिनीचा तुकडा, एक, लोणच्याच्या बरणीवरील कागदाचा लगदा, आणि गतवर्षीच्या दिवाळीतील असावी अशी चारोळी. मोहरीने तर याच्याही पुढे मजल मारली होती. जाळी नीट न बसविल्यामुळे ती वर चढून स्प्रे आर्मच्या छिद्रांत जाऊन बसली होती, दर छिद्रात एक, जणू मोजून नेमणूक केलेली. टाचणीने एकेक उकरून काढावी लागली.

आणि त्या क्षणी, रसिकहो, मला या साऱ्या प्रकरणाचे इंगित उमगले. खरकटे नष्ट होत नाही. खरकट्याची बदली होते! ताटातून पाण्यात, पाण्यातून जाळीत. आणि जाळीतून पुढचा हुकूम वेळेवर न निघाल्यास ते, आमच्या खात्यातील वजनदार कारकुनाप्रमाणे, खटपट करून मूळ जागी परत रुजू होते. यंत्राने फक्त बदली केली. निकाल लावावयाचा तो माणसानेच.

सबब हुकूम केला: वाट्या तिरप्या व पालथ्या लावाव्यात, पळी आडवी ठेवावी, ॲल्युमिनियम, पितळ व लोखंडी तवा यांस आत प्रवेश नाही, मीठ संपताच भरावे, आणि जाळी दर आठवड्यास काढून नळाखाली ब्रशने धुवावी. हुकूम सर्वांस मान्य झाला. शेवटच्या कलमाच्या अंमलबजावणीचा प्रश्न आला, तेव्हा चिरंजीव कामात होते, सूनबाई मीटिंगमध्ये होत्या, सौभाग्यवतींना त्या वासाने मळमळते, आणि चौकशी अधिकाऱ्याने अंमलबजावणी करू नये, हे तर न्यायाचे मूलतत्त्व आहे.

अखेर, टाळेबंदी उठल्यापासून फक्त केर-फरशीला येणाऱ्या मावशींना मी जाळी दाखविली.

(कंबरेवर हात ठेवून) "काका, भांडी घासाया मशीन आणलं, आन् आता मशीन घासाया मला बोलावताय व्हय?"

मी विचारले, "मावशी, काय घ्याल?"

"भांड्यांचं घेत होते तेवढंच. मशीन म्हंजे तरी काय, काका? एक मोठं भांडंच की!"

या युक्तिवादास जमीन महसूल कायद्यात उत्तर नाही, मी पाहिले. (फाइल उघडून लिहितो, मोठ्याने वाचतो.) "पाहिले. रक्कम वाजवी. सदर खर्च 'यंत्रामुळे झालेली बचत' या सदरात दाखवावा. मंजूर."

(सही करतो, शिक्का मारतो, फीत बांधतो. पडदा.)