काकू, जराशा इकडे पाहून रडा जी

अल्लीपूर गावात मयत झाली की आधी निरोप कुणाला जावा, जावयाला की फोटोवाल्याला? पूर्वी हा पेच खराच पडायचा. कित्येकांचा आयुष्यातला पहिला फोटो मेल्यावरच निघायचा, तोही खुर्चीत बसवून, कपाळी बुक्का लावून, मागून कुणीतरी मान धरून. या बैठकीला प्रतिष्ठाही थोर होती. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले, तेव्हा त्यांचाही देह पद्मासनात बसवला होता आणि तसाच तो फोटोत राहिला.

मोबाइल आला आणि मृताची ही दगदग वाचली. आता पोज भोवतालचे घेतात. बायांनी हंबरडा फोडला की एखादा पोरगा म्हणतो, ‘काकू, जराशा इकडे पाहून रडा जी.’ सरण पेटल्याचं लाइव्ह पुण्याच्या भाच्याला दिसतं; तो तिथूनच अंगठा दाखवतो. (पवनारच्या विनोबांनी १९८२ मध्ये अन्न, पाणी, औषध सोडून देह ठेवला. इतक्या निवांत जाणाऱ्यावर आज स्टेटस किती पडले असते!)

खरी कला तेरवीच्या फ्लेक्सवर. जन्मभर धोतर नेसलेल्या आजोबांच्या आधार कार्डावरल्या चेहऱ्याखाली कोट-टाय येतो. शेजारी ‘शोकाकुल’ युवा नेते, गॉगलसकट, हसतमुख. जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ असली तर शोकाकुलांची संख्या वाढते आणि आजोबा तिकिटाएवढे होतात. मग फ्लेक्सवाला अदबीने विचारतो, ‘भाऊ, मयताचा फोटो टाकाच लागते का?’