जॉब आणि काका

वागळे इस्टेटच्या औद्योगिक जीवनात ‘काका’ ही संज्ञा नात्याची नसून हुद्द्याची आहे, आणि हा हुद्दा कोणत्याही नेमणूकपत्रात आढळत नसला तरी त्याच्यावाचून तेथील एकही शेड फार दिवस चाललेली नाही. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींत ठाण्याची ही वसाहत होती. तेथील रस्ते नावांऐवजी क्रमांकांनी ओळखले जात असल्यामुळे 16 नंबरवरून 22 नंबरच्या सर्कलला कोणत्या बोळातून लवकर पोहोचता येते हे सांगणाऱ्या माणसाची गरज आरंभापासून भासली असावी, आणि काकांचा उगम बहुधा याच गरजेत शोधावा लागेल.

काका सहसा डोंबिवलीत राहतात, इस्टेटमधल्याच आयटीआयचे टर्नरचे प्रमाणपत्र बाळगतात आणि निवृत्तीला दोन वर्षे उरलेली असल्याचे सलग काही वर्षे सांगत असतात. शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी, डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या (कारण नव्या मुलांपैकी कोणीतरी डबा विसरतोच) आणि कपाटाच्या खालच्या खणात ‘लागेल कधीतरी’ या सदराखाली जमवलेले नट, वॉशर, जुने पट्टे, अशी त्यांची चल संपत्ती असते. या खणाला व्यवस्थापन भंगार म्हणते. मात्र मशीन बंद पडले की व्यवस्थापन त्याच खणापुढे उभे राहते.

या व्यक्तिविशेषाचा स्वभाव समजण्यासाठी ‘जॉब’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. मनुष्यबळ विभागाच्या भाषेत जॉब म्हणजे नोकरी. कारखान्याच्या भाषेत मात्र जॉब म्हणजे लेथच्या चकमध्ये पकडलेला, कातून आकाराला येत असलेला धातूचा तुकडा. पहिल्या जॉबविषयी काकांची मते ऐकवत नाहीत, परंतु दुसरा जॉब हाती घेऊन, त्याच्यावरून अंगठा फिरवून, चष्मा कपाळावर चढवून तो उजेडात धरताना त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते पगारवाढीच्या पत्राने आल्याची नोंद नाही.

त्यांचे मुख्य कौशल्य कानात असते. पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाशी लावली की आतील आवाजावरून ते बेअरिंगचे आयुष्य सांगतात, आणि कसे ओळखले असे शिकाऊ मुलाने विचारल्यास ‘ऐक की’ एवढेच स्पष्टीकरण देतात. करता येते पण सांगता येत नाही अशा जाणतेपणाला मायकेल पोलान्यी या विचारवंताने अव्यक्त ज्ञान म्हटले व 1966 साली त्यावर पुस्तक लिहिले. काकांच्या बाबतीत हे ज्ञान अव्यक्त राहण्याचे आणखी एक कारण संभवते, ते म्हणजे सगळेच सांगून टाकले तर रात्री अकरा वाजता फोन कोणाला येणार, ही रास्त चिंता. त्या फोनवर ते चिडतात, पण तो आला नाही तर त्या रात्री त्यांना झोप लागत नाही.

यशस्वी कर्मचाऱ्याच्या गुणांत सकारात्मकतेला हल्ली अग्रस्थान दिले जाते. या कसोटीवर काका साफ नापास होतात, कारण कोणत्याही कामाला त्यांचे पहिले उत्तर ‘होणार नाही’ हे असते. तथापि हा नकार नसून कामाचा पहिला टप्पा आहे; ‘हे असं करायला कोणी सांगितलं होतं?’ हा दुसरा, आणि ‘चहा सांगा’ हा तिसरा. चहा सांगितला गेला की काम झाले असे जाणकार धरून चालतात व गिऱ्हाइकाला गाडी पाठवायला कळवून टाकतात.

माणसांच्या बाबतीत ते टॉलरन्सचा नियम लावतात. टॉलरन्स म्हणजे मापातील मान्य फरक: नेमके माप यंत्रालाही साधत नसल्यामुळे थोडे कमी व थोडे जास्त नकाशातच धरलेले असते. काकांच्या मते साहेबांतही असा फरक गृहीत धरावा. मर्यादेतला साहेब चालवून घ्यावा आणि मर्यादेबाहेरचा, जॉबप्रमाणेच, बाजूला ठेवून आपले काम पुढे न्यावे.

पुढे अनेक शेड पाडल्या गेल्या, त्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि लेथ गेली तरी काका ‘फॅसिलिटी’ या विभागात, म्हणजे लिफ्ट, पंप, जनरेटर व वातानुकूलन यांच्या तैनातीत, टिकून राहिले. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधिकांनी 2001 साली असे मांडले की माणसे नेमून दिलेले काम आतून बदलून आपलेसे करतात; रुग्णालयातील काही सफाई कर्मचारी स्वतःला रुग्णांच्या शुश्रूषेतच धरत असत. काकांनीही पंपाच्या खोलीत पोलादी पट्टी व तो खण यांची प्रतिष्ठापना केली असून दसऱ्याला जनरेटरला झेंडूची माळ पडते.

अशाच इमारतीत ‘कामातील यश व समाधान’ या विषयावर कार्यशाळा भरते, तेव्हा चिकाटी व समयसूचकता या गुणांच्या मधोमध प्रोजेक्टर डगमगू लागतो आणि काकांना बोलावणे जाते. ते ‘होणार नाही’ म्हणतात, मग वक्त्याचे व्हिजिटिंग कार्ड दुमडून प्रोजेक्टरच्या पायाखाली शिम म्हणून, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी म्हणून, सरकवतात. चित्र स्थिर झाल्यावर त्यांनाही आग्रहाने बसवून एक कागद भरायला दिला जातो. त्यातील ‘पुढील पाच वर्षांतील आपले उद्दिष्ट’ या रकान्यापाशी काका थांबतात, छतातून येणारा आवाज थोडा वेळ ऐकतात आणि लिहितात: ‘एसीचे बेअरिंग. पाच वर्षे निघणार नाहीत. दिवाळीआधी बदला.’