यवतमाळहून रस्त्यावरच्या शर्यतीला

एरवी ज्या रस्त्याने लोक कचेरीला जातात, तोच रस्ता लोकांना बंद करायचा, दुतर्फा काँक्रीटचे ठोकळे आणि जाळ्या उभ्या करायच्या आणि निघालो तिथेच परत येण्यासाठी गाड्या जिवाच्या आकांताने पळवायच्या, याला शहरी रस्त्यावरची मोटारशर्यत म्हणतात. मोनॅकोत हा प्रकार 1929 पासून चालू आहे. यवतमाळकराच्या आवाक्यात तो आला हैदराबादमुळे. 11 फेब्रुवारी 2023 रोजी तिथे हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली.

यवतमाळहून हैदराबाद चारशेहून अधिक किलोमीटर. आधी पांढरकवडा गाठायचे, तिथून राष्ट्रीय महामार्ग 44. पिंपळखुटीच्या तपासणी नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली असायची. पैनगंगा ओलांडली की पाट्यांवरची अक्षरे गोल होतात आणि आदिलाबाद येते. पुढे निर्मल, कामारेड्डी करत माणूस हैदराबादेत शिरतो. महामार्गावर ट्रक, ट्रॅव्हल्स आणि उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर यांच्यातून वाट काढून आलेल्या माणसाला शर्यतीचे फारसे अप्रूप उरत नाही. शर्यतीत निदान सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात.

हैदराबादचे सर्किट पावणेतीन किलोमीटरहून थोडे मोठे, वळणे 18. एनटीआर मार्ग, लुंबिनी पार्क आणि सचिवालय या भागातला हा रस्ता. त्यासाठी शहराची वाहतूक वळवली गेली आणि हैदराबादकराला नेहमीच्या कामाला जाण्यासाठी सर्किटपेक्षा मोठी फेरी मारावी लागली. तिला मात्र चषक नव्हता. शर्यतीत तीसहून अधिक फेऱ्या झाल्या, म्हणजे सुमारे 90 किलोमीटर. एवढ्यात यवतमाळचा माणूस अमरावतीला पोचून चहा मागवतो. शर्यतीची गाडी मात्र तेवढे धावूनही हुसेनसागरापाशीच असते. तिचा कमाल वेग ताशी 322 किलोमीटर सांगितला जातो. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे शकुंतला रेल्वेचे 113 किलोमीटर तिने कागदावर एकवीस मिनिटांत संपवले असते. त्या मार्गावर 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावले. घाई त्यालाही नव्हती आणि उतारूंनाही.

विजेवरच्या या गाड्या गर्जत नाहीत, बारीक सुरात किंचाळतात. नियमही निराळे आहेत. चालकाने मधली चांगली वाट सोडून ठरवलेल्या जागी बाहेरच्या अंगाने गाडी नेली, की त्याला काही काळ जादा शक्ती मिळते; 300 किलोवॉटची 350 होते. यवतमाळच्या रस्त्यावर डांबर सोडून कडेला उतरणाऱ्याला मिळतो तो पंक्चरवाला. त्या दिवशी जग्वार संघाच्या सॅम बर्डची गाडी त्याच संघाच्या मिच एव्हान्सच्या गाडीवर जाऊन आदळली आणि दोघेही बाद झाले. शेवटी बॅटरी पुरवून पुरवून वापरत फ्रान्सचा जाँ-एरिक व्हेर्न जिंकला. मागच्या निक कॅसिडीला त्याने अर्ध्या सेकंदाच्या आत रोखले.

अर्ध्या सेकंदाचे मोल यवतमाळ जिल्ह्याला नव्याने सांगावे लागत नाही. इथल्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटली की घड्याळ सेकंदाचेही तुकडे मोजते. धुरकरी छकड्यावर, बैल वाऱ्यावर आणि पैज लावणारा देवावर भरवसा ठेवून असतो. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी या शर्यतींवर बंदी घातली आणि 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी दिली. मधली साडेसाती बैलांनी आरामात काढली. 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता धाव एक हजार मीटरच्या आत, परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची आणि बैलाच्या तब्येतीचा दाखला पशुवैद्याचा. पट पाहायला आलेल्या मोटारसायकलींच्या तब्येतीची चौकशी कोणी करत नाही.

हैदराबादची दुसरी शर्यत 10 फेब्रुवारी 2024 रोजी ठरली होती. दरम्यान तेलंगणातले सरकार बदलले आणि जानेवारीतच ती रद्द झाली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर चेन्नईने आयलंड ग्राउंडभोवती साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यावर रात्री गाड्या पळवल्या. पण चेन्नई यवतमाळहून आणखीच लांब. तेव्हा तिकीट काढण्याआधी जवळपासच्या गावात पटाची तारीख विचारून घ्यावी. तिथे सुटलेली जोडी निदान दुसऱ्या टोकाला पोचते.